नाटकाचा कोकण-गोवा दौरा: नाटकाची बस, ट्रॅव्हलर + पिकअप, की एसटी-रेल्वे?

तिसरी_घंटा

नमस्कार मंडळी. पुण्यातल्या आमच्या प्रायोगिक संस्थेचं दोन अंकी नाटक जानेवारीत दौऱ्यावर निघतंय. गाडीचं अजून ठरत नाहीये, म्हणून इथे विचारतोय. तपशील आधीच देतो, म्हणजे उलट प्रश्न कमी येतील.

प्रयोग: शुक्रवार रात्री ९ सांगली, शनिवार रात्री ९ रत्नागिरी, रविवार संध्याकाळी ६.३० कुडाळ, सोमवार मोकळा, मंगळवार संध्याकाळी ६.३० फोंडा (गोवा), बुधवारी परत. एकूण सहा दिवस. अंतर साधारण असं धरलंय: पुणे-सांगली २३५, सांगली-रत्नागिरी १८० (कोल्हापूर, आंबा घाट मार्गे), रत्नागिरी-कुडाळ १६०, कुडाळ-फोंडा १०५, परतीचे ४५०. गावातल्या फेऱ्या धरून १,२०० किमी.

माणसं १३: नट-नट्या ७, प्रकाश २, ध्वनी १, रंगमंच व्यवस्था २, व्यवस्थापक १.

सामान: ८×४ फुटांचे १० फ्लॅट (भिंतीसाठी उभे करायचे प्लायचे तक्ते), ६×३ च्या ४ लेव्हल (उंचीसाठीचे चौथरे), दाराची चौकट, सोफा, टेबल, दोन खुर्च्या, ब्रेसवर (फ्लॅट उभे धरणाऱ्या टेकूंवर) ठेवायची २० किलोची ८ वजनं, १२ एलईडी पार आणि ४ हॅलोजन दिवे, डिमर (उजेड कमी-जास्त करायला), केबल, ध्वनीचा छोटा मिक्सर, कपडेपटाच्या ३ ट्रंका.

आलेले भाव (टोल-पार्किंग वेगळं):
१) नाटकाची बस, पुढे आसनं आणि मागे सेटचा कप्पा: ४८ रु. किमी, रोज किमान ३०० किमी, चालक-क्लीनर भत्ता रोज १,०००.
२) १७ आसनी ट्रॅव्हलर: २६ रु. किमी, रोज किमान ३०० किमी, भत्ता ५००. सोबत पिकअप: २० रु. किमी, रोज किमान २५० किमी, भत्ता ४००.
३) सेटला फक्त पिकअप, माणसं एसटी-रेल्वेने.

पिकअपऐवजी छोटा हत्ती (टाटा एस टेम्पो) घेतला तर स्वस्त पडेल असं एकाचं म्हणणं. दुसऱ्याचं म्हणणं, सांगलीचा प्रयोग संपला की रात्रीच रत्नागिरीला निघा. गोव्याच्या कागदपत्रांचाही अंदाज नाही. जाणकारांनी सांगावं.

---

विंगेतला

छोटा हत्ती आधी यादीतून काढा. वजनाचा हिशोब मांडून बघा:

६ मिमी प्लाय आणि लाकडी चौकट धरून एक फ्लॅट साधारण १८ किलो, १० चे १८०. लोखंडी चौकटीवर १९ मिमी प्लायची ६×३ ची लेव्हल ३५ च्या आसपास, ४ चे १४०. वजनं १६०. चौकट आणि फर्निचर ७०. दिवे, स्टँड, डिमर, केबल १२०. ट्रंका ७५. ध्वनी ४०. बेरीज ७८५ किलो. छोटा हत्तीची क्षमता साडेसातशेच्या आसपास. म्हणजे पुण्यातच गाडी भरली, आणि पुढे आंबा घाट आहे. ब्रेक तापणं, चढावर पहिल्या गिअरमध्ये रांगणं, सगळं त्यात आलं.

पण खरी अडचण वजनाची नाही, लांबीची आहे. त्याचा हौदा (मागची माल ठेवायची जागा) जेमतेम सव्वासात फूट. आठ फुटी फ्लॅट आडवा टाकला की फाळका (हौद्याचं मागचं झडपेचं दार) लागत नाही आणि माल मागे बाहेर येतो. मागे बाहेर आलेल्या मालाला कायद्याने बंदी आहे, नाक्यावर पहिला हात त्यावरच पडतो. फ्लॅट उभे तिरके लावून ताडपत्री ताणणारे असतात. वारा भरला की ती ताडपत्री शिडासारखी फुगते आणि चौकटीचे सांधे खिळखिळे होतात. कुडाळला पोचल्यावर कळतं की तीन फ्लॅट काटकोनात राहिलेले नाहीत.

नऊ फुटी हौद्याची पिकअप घ्या. फ्लॅट सपाट झोपतात आणि पायाशी फूटभर जागा उरते, तिथे केबलच्या पेट्या बसतात. गाडी ठरवण्याआधी हौद्याची आतली मापं टेपने घ्या. मालक 'नऊ फूट' म्हणतो तेव्हा कधी कधी त्यात फाळक्याची जाडीही मोजलेली असते.

वजनं नेऊ नका. ८ रिकामी जाड पोती आणि सुतळी न्या, तिथे वाळू भरा. १६० किलो वाचतात. काही नाट्यगृहांत वजनं मिळतात, पण भरवसा ठेवू नका. फोनवर 'आहेत' म्हणतात आणि प्रत्यक्षात दोन निघतात.

भरण्याचा क्रम: जे रंगमंचावर आधी लागतं ते हौद्यात शेवटी चढतं. तिथे पोचल्यावर आधी दिवे बारवर (रंगमंचावरच्या टांगत्या नळीवर) जातात, मग लेव्हल, मग फ्लॅट, मग फर्निचर. म्हणून सोफा-टेबल केबिनच्या भिंतीला. लेव्हल जड, त्या तळालाच हव्यात, हा एक अपवाद. त्यांच्यावर जुनी गोधडी टाकून फ्लॅट, रंगाची बाजू रंगाच्या बाजूला, मध्ये चादर. दिवे-केबल फाळक्याजवळ. दोर नको, रॅचेटचे सपाट पट्टे घ्या, आणि पट्टा जिथे कडेवरून वळतो तिथे पुठ्ठ्याचा कोपरा. दोराने कडेचा रंग निघतो आणि प्रत्येक गावात ब्रश घेऊन बसावं लागतं. पट्टे पहिल्या २०-२५ किमीनंतर एकदा ताणा. सामान हिंदकळून बसतं आणि पट्टे सैल होतातच.

हॅलोजनचे दिवे नेताना बल्ब काढून गोधडीत गुंडाळून ट्रंकेत ठेवा. तार धक्क्याने तुटते. बसवताना काचेला बोट लावू नका, कापडाने धरा. दोन जादा बल्ब न्या, कुडाळात रविवारी मिळणार नाहीत.

जानेवारीत कोकणात पहाटे दव पडतं. ताडपत्रीखाली प्लास्टिकचा एक थर हवा, नाहीतर प्लायच्या कडा फुगतात.

---

जमाखर्च

किलोमीटरचा भाव बघून कोणी फसू नये म्हणून आकडे मांडतो. 'रोज किमान ३००' चा अर्थ सहा दिवसांचे १,८०० किमीचे पैसे. गाडी फिरणार १,२००.

बस: १,८०० × ४८ = ८६,४०० + भत्ता ६,००० = ९२,४००.
ट्रॅव्हलर: १,८०० × २६ = ४६,८०० + ३,००० = ४९,८००.
पिकअप: १,५०० × २० = ३०,००० + २,४०० = ३२,४००.
दोन्ही मिळून ८२,२००.

प्रत्यक्ष धावलेल्या किमीवर पाहिलं तर ट्रॅव्हलर २६ ला नाही, ३९ ला पडते. बस ७२ ला. तुमचा दौरा कमी अंतराचा आणि जास्त मुक्कामाचा आहे. अशा दौऱ्यात 'रोज किमान' हीच सगळ्यात महागडी अट. मालकाशी घासाघीस भावावर करू नका, या अटीवर करा. सांगा की सहा दिवसांचे मिळून १,३०० किमी पक्के धरा आणि सोमवारच्या उभ्या गाडीचे वेगळे पैसे घ्या. समजा मालकाने उभ्या दिवसाचे २,५०० मागितले, तर १,३०० × २६ = ३३,८०० अधिक २,५०० म्हणजे ३६,३००. एका ट्रॅव्हलरवर साडेदहा हजार वाचले. जानेवारीत लग्नाची तिथी आणि शनिवार-रविवार जोडून आले तर मालक ऐकणार नाही, हेही आहे. म्हणून तारखा पक्क्या झाल्या की लगेच बोला.

रिकाम्या गाडीचे परतीचे किमी तुमच्याच बिलात येतात. म्हणून 'येताना आम्ही रेल्वेने येतो, ट्रॅव्हलर गोव्यातून सोडून देतो' यात काही वाचत नाही. उलट तिकिटांचे पैसे वर जातात.

टोल दोन्ही गाड्यांचा धरा. वार्षिक फास्टॅग पास खासगी गाड्यांपुरता आहे, पिवळ्या पाटीला (भाड्याच्या गाडीला) चालत नाही. मालकाने 'पास आहे' म्हणून ठोक रक्कम सांगितली तर पावत्या मागा.

---

टपावरचा_माल

वरच्या दोघांनी बसचे फायदे सांगितलेच नाहीत, म्हणून बसची बाजू.

दहा हजार जास्त जातात, मान्य. पण बसमध्ये सेट आणि माणसं एकाच वेळी पोचतात. दोन गाड्या म्हटल्या की एक पुढे, एक मागे. ट्रॅव्हलर नाश्त्याला थांबते, पिकअप थेट पोचते, आणि सामान उतरवायला दारात एकच माणूस. पिकअपच्या केबिनमध्ये आरसी बुकात लिहिली असतील तेवढीच माणसं बसू शकतात, बहुतेक चालक आणि एक. हौद्यात सेटजवळ 'दोन पोरं बसतील' हा विचार मनातूनही काढा. मालवाहू गाडीत माणसं नेणं गुन्हा आहे, आणि अपघात झाला तर विमा कंपनी त्या माणसांची जबाबदारी घेत नाही.

बसचे तोटेही सांगतो. एकच गाडी, ती बंद पडली की प्रयोग गेला. दोन गाड्यांत निदान एक तरी पोचते. (नट पोचले आणि सेट नाही पोचला तर काळ्या पडद्यावर प्रयोग करता येतो. उलट झालं तर सेट बघायला प्रेक्षक थांबत नाहीत.) दुसरं, जुन्या पद्धतीच्या बसमध्ये सेट टपावर जातो. प्रवासी परवान्याच्या बसमध्ये प्रवाशांचं सामान चालतं. टपावर आठ फुटी फ्लॅटांची थप्पी दिसली की परिवहन विभागाचं पथक थांबवतं आणि दंड होतो. म्हणून बस घ्यायचीच तर मागे बंद कप्पा असलेली घ्या आणि त्याच्या दाराची रुंदी मोजा. चार फुटी फ्लॅट तिरका करून जाणार असेल तर रात्री दीड वाजता पंधरा मिनिटांच्या कामाला पाऊण तास लागतो.

बस कधी घ्यावी? लागोपाठ सहा-सात प्रयोग, रोज नवं गाव, माणसं २० च्या वर, आणि व्यावसायिक नाटकासारखे भरगच्च प्रयोग लावलेले असतील तेव्हा. १३ माणसं आणि ४ प्रयोगांना बस मोठी होते, हे मीही म्हणतो.

---

विंगेतला

@टपावरचा_माल, दोन गाड्यांची चुकामूक टाळायला एकच नियम पुरतो: पिकअप ट्रॅव्हलरच्या एक तास आधी निघते, तिच्यात रंगमंच व्यवस्थेतला एक जण, आणि प्रकाशवाला दुसऱ्या दिवशी नटांच्या आधी उठतो. पहिली दोन तासांची कामं दिव्यांची असतात, त्यात नटांची गरज नाही.

आता रात्री निघण्याबद्दल. माझं स्पष्ट मत, निघू नका. हिशोब बघा. सांगलीचा प्रयोग ११.३० ला संपेल. चार हातांनी सेट काढायला एक तास, गाडी भरायला पाऊण तास. निघायला सव्वा वाजला. भरलेल्या पिकअपला घाट धरून १८० किमीला पाच तास. पहाटे सव्वासहाला रत्नागिरी. चालक त्या दिवशी सकाळी पुण्याहून २३५ किमी गाडी चालवत आलेला. कायदा चालकाच्या कामाचे दिवसाला आठ तास धरतो, इथे ते दहावर जातात, आणि शेवटचे तीन तास घाटातले, पहाटेच्या झोपेच्या वेळेचे. साखरप्याच्या बाजूने उतरताना वळणं आहेत, आणि कामं चालू असतील तर वळसेही.

त्याऐवजी सांगलीत झोपा, सकाळी ६.३० ला पिकअप, ७.३० ला ट्रॅव्हलर. पिकअप १२ पर्यंत रत्नागिरीत. रात्री ९ च्या प्रयोगाला तुम्हाला चार तास पुरेत: दीड तास दिवे, दीड तास सेट, एक तास फोकस (दिव्यांच्या दिशा लावणं) आणि ध्वनी. वेळ भरपूर आहे.

पण एक अट, आणि तीच सगळ्यात महत्त्वाची. नाट्यगृहं सत्रांप्रमाणे दिली जातात. शनिवारी दुपारचं सत्र दुसऱ्या कोणाला दिलेलं असेल तर तुम्ही १२ ला पोचूनही पाच-साडेपाचपर्यंत बाहेर उभे. गाडी ठरवण्याआधी रत्नागिरीच्या सावरकर नाट्यगृहात विचारा: दुपारी कोण आहे, ते किती वाजता रिकामं करणार, आणि आपले दिवे आधी बारवर चढवू देतील का. दुपार मोकळी असेल तर अर्धं भाडं देऊनही घ्या. दुपारी शाळेचं स्नेहसंमेलन असेल तर आणखी अर्धा तास उशीर धरा, पालक फोटो काढत बसतात.

रत्नागिरी-कुडाळलाही तेच. रात्री झोपा, सातला निघा. १६० किमी, ११ पर्यंत पोचता, ६.३० चा प्रयोग निवांत.

---

पेठनाका

पर्याय ३ बद्दल, कारण तो सगळ्यात स्वस्त दिसतो आणि म्हणून मोहात पाडतो.

राज्याच्या हद्दीत एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे (मार्च २०२३ पासून), ६५ ते ७५ वयाच्यांनाही अर्धं, ७५ च्या पुढे मोफत. संघात चार-पाच जणी असतील तर सांगली-रत्नागिरीपर्यंतचा खर्च फारच कमी येतो. गोव्याच्या हद्दीत ही सवलत धरू नका.

अडचण तिकिटाची नाही, शेवटच्या पाच किमीची आहे. स्टँड ते लॉज, लॉज ते नाट्यगृह, नाट्यगृह ते जेवण, रात्री बाराला परत लॉज. बारा माणसं म्हणजे दर वेळी चार रिक्षा. रत्नागिरी स्टेशन कुवारबावला, गावापासून लांब. कुडाळचंही तसंच, रात्री रिक्षा हाताशी नसतात. प्रयोगानंतर मेकअप उतरवून बाहेर पडायला साडेबारा होतात. त्या वेळी सात नटांना रस्त्यावर उभं करणं व्यवस्थापकाला शोभत नाही.

एसटीचा प्रासंगिक करारही आहे, पूर्ण गाडी भाड्याने. आगारात अर्ज करा, अनामत भरा, किमान किमीची अट तिथेही आहे. ४०-४५ आसनांची गाडी १३ जणांना फार मोठी. शाळेच्या सहलीला किंवा दिंडीला बरी.

रेल्वे या दौऱ्यात फक्त एका ठिकाणी विचार करण्यासारखी: ज्यांना बुधवारीच पुण्यात हजर व्हायची घाई नाही त्यांना फोंड्याहून मडगाव जवळ आहे, आणि गोवा एक्सप्रेस मडगावहून बेळगाव, मिरज मार्गे पुण्याला येते. एक-दोन जणांना सोय, सगळ्यांना नको. जमाखर्चांनी कारण सांगितलंच आहे.

---

तिसरी_घंटा

भरपूर मिळालं, आभारी आहे. ट्रॅव्हलर + पिकअपवर आलोय, वजनांऐवजी पोती. रत्नागिरीला फोन केला, दुपारी ४ पर्यंत एक कार्यक्रम आहे, ४.३० ला ताबा देतो म्हणाले.

दोन प्रश्न राहिले. गोव्याचे कागद. आणि मार्चमध्ये नागपूर-अमरावती-अकोला असा दौरा ठरतोय, तिथेही हीच व्यवस्था चालेल का?

---

विंगेतला

४.३० ते ९ म्हणजे साडेचार तास. पुरतात, पण बारला दिवे लावणारे दोघं चार वाजता दारात हवेत, आणि पिकअप मागच्या दाराला लावलेली हवी. दुपारच्या कार्यक्रमाची गाडी तिथे उभी असेल तर ती हलवायला कोणाला सांगायचं, तो फोन नंबर आधी घेऊन ठेवा. पहिली वीस मिनिटं इथेच जातात.

---

बांदा_पत्रादेवी

गोव्याचे कागद क्रमाने.

ट्रॅव्हलर: पिवळी पाटी, आरसी, फिटनेस, विमा, पीयूसी, आणि अखिल भारतीय पर्यटक परवाना. फक्त महाराष्ट्राचा परवाना असेल तर गोव्याचा तात्पुरता परवाना काढून कर भरावा लागतो. ते काम आधी ऑनलाइन उरकलेलं बरं. परवाना कोणता, हे बोलणी करतानाच मालकाकडून फोटो मागवून बघा. 'सगळीकडे चालतं' या उत्तरावर थांबू नका. ओळखीच्याची पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने नेऊ नका, अडवली तर सगळा संघ सीमेवर बसतो.

पिकअप: एकूण वजन, म्हणजे गाडी अधिक माल, ३,००० किलोच्या आत असेल तर मालवाहतूक परवान्यातून सूट आहे. पिकअपचे काही प्रकार या मर्यादेच्या आत येतात, जास्त क्षमतेचे वर जातात. आरसीवर आकडा असतो. वर असेल तर राष्ट्रीय परवाना आहे का ते बघा.

सामान: संस्थेच्या लेटरहेडवर पूर्ण यादी, प्रत्येक वस्तूची अंदाजे किंमत, 'नाट्यप्रयोगासाठीचं वापरलेलं साहित्य, विक्रीसाठी नाही, परत आणायचं आहे' असं वाक्य, आणि गोव्यातल्या आयोजकांचं निमंत्रणपत्र. तीन प्रती: पिकअपमध्ये एक, ट्रॅव्हलरमध्ये एक, व्यवस्थापकाकडे एक. संस्था जीएसटीत नोंदलेली असेल आणि माल ५०,००० च्या वर राज्याबाहेर जात असेल तर विक्री नसली तरी डिलिव्हरी चलन आणि ई-वे बिलाचा (मालवाहतुकीच्या ऑनलाइन नोंदीचा) प्रश्न येतो. तुमच्या सीएकडून एका फोनवर उत्तर मिळेल. नोंदणी नसेल तर यादी आणि निमंत्रण पुरेसं पडतं. खोटं पिस्तूल, तलवार असेल तर यादीत 'रंगमंचावरील नकली वस्तू' असं ठळक लिहा आणि ट्रंकेत वरच ठेवा, तळाशी दडवलेलं दिसलं की चौकशी लांबते.

आता सगळ्यात मोठा धोका: परतीच्या बॅगेतली बाटली. गोव्यातली दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणता येत नाही, आणि राज्य उत्पादन शुल्क विभागाचा तपासणी नाका बांद्याजवळ इन्सुलीला आहे. एकाच्या बॅगेत सापडली तरी गाडी अडकते, आणि पिकअपमध्ये सापडली तर सेटसकट. निघण्याआधी व्यवस्थापकाने सगळ्यांसमोर हे एकदा स्पष्ट बोलावं. हळूच सांगून उपयोग नाही.

परतीचा रस्ता निवडताना तिसरं राज्य लक्षात घ्या. फोंड्याहून अनमोड किंवा चोर्ला घाटाने बेळगावकडे गेलात की कर्नाटक लागलं. आंबोली-आजरा-निपाणी घेतलंत तरी निपाणी आणि संकेश्वर कर्नाटकातच आहेत. पिकअपचा परवाना फक्त महाराष्ट्र-गोव्याचा असेल तर महामार्गाने कणकवलीपर्यंत या आणि फोंडाघाट-राधानगरी मार्गे कोल्हापूर घ्या, किंवा आजऱ्याहून गारगोटीकडे वळा. दोन्ही वाटा पूर्ण महाराष्ट्रात. घाट अरुंद, वेळ थोडा जास्त, पण नाक्याची कटकट नाही. आणि नकाशात 'फोंडा' टाकताना चालकाला 'फोंडा, गोवा' असंच टाकायला सांगा. कणकवली तालुक्यातला फोंडाघाट वेगळा, तो उलट दिशेला. राजीव गांधी कला मंदिरात प्रयोग असेल तर सरळ तेच नाव टाका.

---

पेठनाका

विदर्भाला हीच व्यवस्था चालणार नाही. पुणे-नागपूर सातशे किमीच्या वर. ट्रॅव्हलरमध्ये बारा-चौदा तास बसून उतरलेला नट त्याच संध्याकाळी उभा राहू शकत नाही, म्हणजे एक मुक्काम वाढला.

तिथे माणसं रेल्वेने. रात्री बसा, दुसऱ्या दिवशी उतरा. कोल्हापूरहून पुण्यावरून गोंदियाला जाणारी महाराष्ट्र एक्सप्रेस अकोला, बडनेरा, नागपूर तिन्ही गाठते, आणि बडनेऱ्याहून अमरावती जवळच. शेवटचा प्रयोग जिथे असेल त्या स्टेशनहून परतीचं तिकीट काढा. नागपूरला जाऊन परत यायचं असा हट्ट नको. तुमच्या क्रमात आधी नागपूर, मग अमरावती, मग अकोला, म्हणजे प्रत्येक प्रयोगाने पुणे जवळ येतं. तो क्रम मोडू नका.

आरक्षण आता ६० दिवस आधी सुरू होतं, १२० नाही. एका तिकिटावर सहा जण, म्हणून १२ जणांची दोन तिकिटं एकाच वेळी दोघांनी बसून काढा. पूर्वी नाट्यसंघांना भाड्यात मोठी सवलत होती. मार्च २०२० मध्ये बहुतेक सवलती थांबवल्या, त्यात तीही गेली. जुन्या व्यवस्थापकाने 'पत्र दिलं की पाऊण भाडं माफ' असं सांगितलं तर अंदाजपत्रक त्यावर उभं करू नका.

सामान डब्यात कोंबू नका. शयनयान आणि थर्ड एसीला माणशी ४० किलो मोफत, सेकंड एसीला ५०. पण मापाचीही अट आहे: ट्रंक १०० × ६० × २५ सेंमीच्या आत, थर्ड एसीत तर ५५ × ४५ × २२.५. कपडेपटाची मोठी ट्रंक यात बसत नाही. ती पार्सल कार्यालयात नोंदवून ब्रेकव्हॅनमध्ये (गाडीच्या सामानाच्या डब्यात) टाका, गाडीच्या वेळेआधी किमान अर्धा तास, खरं तर दीड तास. न नोंदवता पकडलं तर दंडाचा दर सहापट. ब्रेकव्हॅनचाही एक धोका असतो: मधल्या स्टेशनवर गाडी दोन-चार मिनिटं थांबते आणि ट्रंक पुढे निघून जाते. म्हणून पहिल्या अंकाचे कपडे डब्यातल्या पिशव्यांत, ट्रंकेत बाकीचं. आणि जिथे गाडी जास्त वेळ थांबते त्या नागपूरपर्यंतच नोंदणी करा.

सेटचं दोन प्रकारे. पिकअप एक दिवस आधी निघते, अहिल्यानगर-छत्रपती संभाजीनगर करून समृद्धी महामार्गाला लागते. समृद्धीवर सरळ रस्ता, सतत एकाच वेगाने धावून टायर तापतात. मार्चमध्ये तर हवेचा दाब निघण्याआधी थंड टायरवर तपासा आणि झिजलेला टायर असेल ती गाडी घेऊच नका. पंप आणि खाण्याच्या सोयी तुरळक, डिझेल चढण्याआधी भरा. किंवा दुसरा प्रकार: सेट न्यायचाच नाही. फ्लॅट आणि लेव्हल नागपुरात भाड्याने घ्या, पुण्याहून फक्त दाराची चौकट, प्रॉपर्टी (रंगमंचावर वापरायच्या वस्तू) आणि कपडे. त्यासाठी नेपथ्यकाराकडून दोन पानी आराखडा लागतो, फ्लॅटांच्या मापांसकट आणि रंगाच्या क्रमांकासकट. 'क्रीमसारखा' असं लिहिलं तर तीन गावांत तीन रंग दिसतील.

---

जमाखर्च

विदर्भाला सेट भाड्याने की पिकअप, हे ठरवायला एकच आकडा काढा: पिकअपचं पूर्ण भाडं भागिले प्रयोग. तीन प्रयोगांना १,७०० किमी धरले तर २० च्या भावाने ३४,०००, म्हणजे प्रयोगामागे अकरा हजारांच्या वर, टोल-भत्ता वेगळा. तिथल्या नेपथ्यवाल्याचा प्रयोगाचा भाव याच्या आत असेल तर सेट घरी ठेवा. पाच प्रयोग लागले तर पिकअप जिंकते.

कोकण दौऱ्याच्या करारात हे लेखी घ्या, व्हॉट्सअॅपवर असलं तरी चालेल: एकूण किमी आणि त्यापुढचा दर, मोजणी कुठून (मालकाच्या गॅरेजपासून की तुमच्या दारापासून, यात ३०-४० किमी सहज जातात), उभ्या दिवसाची रक्कम, गाडी बंद पडली तर किती तासांत दुसरी आणि तिच्या जादा भाड्याचा भार कोणावर, आणि आगाऊ ३० टक्क्यांच्या वर नाही. पहिल्या दिवशी आणि शेवटच्या दिवशी मीटरचा फोटो.

---

तिसरी_घंटा

सगळं उतरवून घेतलं. शेवटचं एक: दोन चालकांची राहण्याची सोय आम्ही करायची की भत्त्यात येते? दोन्ही मालकांनी वेगवेगळं सांगितलं.

---

विंगेतला

भत्ता जेवणाचा धरा, खोली तुम्ही द्या. दोघांना मिळून एक खोली, नटांच्या मजल्यापासून लांबची, कारण नट रात्री दोनपर्यंत प्रयोगाची चर्चा करत बसतात आणि चालकाला सहाला उठायचंय. खोली नाही दिली तर चालक गाडीत झोपतो, म्हणजे झोपत नाही. चार मुक्कामाच्या गावांचे चार-पाच हजार अंदाजपत्रकात 'गाडी' या रकान्यात टाका, 'निवास' मध्ये नको. तिथे टाकले की कोणीतरी काटकसर म्हणून पहिले तेच काढतं.